पातं बदलता येणारा घडीचा चाकू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाटकाचं नेपथ्य आणि गणपतीची सजावट, ही माझी रोजीरोटी. गेली वीस वर्षं माझ्या उजव्या खिशात घडीचा, पातं बदलता येणारा चाकू असतो. जुलै उजाडला की ओळखीपाळखीचे लोक "कुठला घेऊ?" म्हणून विचारू लागतात आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते डोक्यात राहील. चाकू निवडू नका, पातं निवडा. तुमच्या घरापासून चालत जाऊन, संध्याकाळी सात वाजता, ज्या दुकानात जे पातं हमखास मिळतं, त्या पात्याला बसणारी मूठ घ्या. बाकी सगळं दुय्यम.

म्हणजे नेमका कुठला चाकू म्हणताय?

ज्याची मूठ कायमची आणि पातं वापरून फेकायचं, असा. पातं मिटलं की त्याची धार मुठीच्या पोटात जाते आणि उघडलं की खटका बसून ते जागच्या जागी राहतं. बोथट झालं की ते काढून नवीन बसवायचं. हा 'खटक्याचा चाकू' नव्हे. बटण दाबताच स्प्रिंगने झटकन उघडणारा, हिंदी सिनेमातला रामपुरी वेगळा. आपला चाकू अंगठ्याने, हळू, बघत बघत उघडायचा असतो.

कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत सरकता कटर स्वस्तात मिळतो. मग हा कशाला?

टेबलावर बसून कागद कापणार असाल तर खरंच नको. तो पिवळा किंवा लाल सरकता कटर घ्या आणि सुखी राहा.

अडचण खिशात सुरू होते. सरकत्या कटरचं बटण किल्ल्यांना, मोबाईलला घासून पुढे जातं आणि पातं खिशात बाहेर येतं. माझ्या एका मदतनिसाच्या दोन पँटा अशा फाटल्या. तिसऱ्यांदा मांडी. शिडीवर उभं राहून एका हाताने केबल टाय तोडायची असेल, तर ते पातळ पातं बाजूला वाकतं आणि टोकाचा तुकडा उडतो. तो तुटण्यासाठीच बनवलेला असतो, त्यात त्याची चूक नाही. घडीच्या चाकूत पातं जाड असतं, जेमतेम इंचभर बाहेर राहतं आणि मिटल्यावर धार कुठेही उघडी राहत नाही.

पाती किती प्रकारची? मला कुठलं लागेल?

बाजारात शंभर डिझाइनं दिसली तरी पात्यांची घराणी तीनच.

पहिलं, चौकोनी म्हणतात ते, खरं तर समलंब चौकोनी पातं. साधारण ६१ मि.मी. लांब, १९ मि.मी. रुंद, ०.६ मि.मी. जाड. धार खालच्या लांब बाजूला आणि वरच्या आखूड बाजूला दोन खाचा. त्या खाचांत मुठीचे दात अडकतात. जगभर हेच माप चालत असल्यामुळे एका कंपनीचं पातं दुसरीच्या मुठीत सहसा बसतं. एक टोक बोथट झालं की पातं फिरवून दुसरं टोक वापरता येतं, म्हणजे एका पात्याची दोन पाती. स्टॅनलेच्या पाकिटावर '१९९२' असा ठळक आकडा असतो. दुकानात एका गृहस्थांनी "इतका जुना माल?" म्हणून पाकीट परत केलेलं मी पाहिलंय. ते साल नाही, पात्याचा नंबर आहे.

दुसरं, तुकड्यातुकड्यांचं, टोक मोडत जायचं पातं. याची गोष्ट मला फार आवडते. १९५६ साली ओसाकात, छापखान्यात काम करणाऱ्या योशिओ ओकादा यांनी हे काढलं. कागद कापायला ते दाढीची ब्लेडं वापरत. कडा तेवढ्या झिजायच्या आणि बाकीचं ब्लेड फुकट जायचं. चांभार काचेचा तुकडा मोडून नवी धार काढतात आणि चॉकलेटची वडी रेषांवर मोडते, या दोन गोष्टी त्यांनी जोडल्या. 'ओल्फा' हे नावही जपानी 'ओरु' म्हणजे मोडणे आणि 'हा' म्हणजे पातं यांवरून आलंय. रुंदी ९, १८ आणि २५ मि.मी. आणि मोडायच्या रेषेचा कोन ५९ अंश. आज जगातले इतर कारखानेही हीच मापं पाळतात. ही पाती बहुतेक सरकत्या कटरमध्ये येतात, घडीत क्वचितच.

तिसरं, सर्जिकल ब्लेड. यात नंबर सांभाळावे लागतात. ३ नंबरच्या दांड्याला १०, ११, १२, १५ बसतात आणि ४ नंबरच्या दांड्याला २० ते २४. दोन्हींची अदलाबदल होत नाही. मॉडेल बनवणारे आणि स्टेन्सिल कापणारे ११ नंबरवर जीव टाकतात, कारण त्याचं टोक सुईसारखं असतं. पण पातं जेमतेम ०.४ मि.मी. जाड. थोडं पिळलंत की टचकन तुटतं आणि तुकडा कुठे जाईल ते देव जाणे. रोज खिशात ठेवायला मी हे सुचवत नाही.

थोडक्यात, दहापैकी नऊ जणांसाठी पहिलं घराणं.

हे चौकोनी पातं मिळतं कुठे?

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळी. दोन्हीकडे हार्डवेअरच्या गल्ल्याच आहेत. तालुक्याच्या गावी रंगाच्या नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात विचारा. 'युटिलिटी ब्लेड' म्हटल्यावर दुकानदार गोंधळला तर 'कार्पेट कटरचं पातं' म्हणा, तरीही नाही कळलं तर जुनं पातं दाखवा. ९ आणि १८ मि.मी.ची पाती मात्र आता शाळेसमोरच्या स्टेशनरीतही मिळतात, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात तर ढिगाने. सर्जिकलची डबी मोठ्या हॉस्पिटलजवळच्या सर्जिकल दुकानात.

तुमच्या गावात पहिलं मिळत नसेल आणि ऑनलाइन मागवायची तयारी नसेल, तर घडीच्या चाकूचा हट्ट सोडून चांगला १८ मि.मी.चा, धातूच्या पट्टीत पातं बसणारा, स्क्रूने आवळायचा कटर घ्या. मी हे मनापासून सांगतोय. पाती नसलेली भारी मूठ म्हणजे रिकामं निरांजन.

धार लावता येणारा चांगला चाकू एकदाच घेतला तर?

घ्या की. धार लावण्याची आवड असेल तर त्यासारखा आनंद नाही. माझे आजोबा चंचीतल्या अडकित्त्याला दर रविवारी सहाणेवर धार लावत आणि आम्हाला हात लावू देत नसत.

पण पुठ्ठा कापणाऱ्याला ते परवडत नाही. पुठ्ठ्यात, विशेषतः पुनर्वापराच्या कागदाच्या पुठ्ठ्यात, बारीक माती आणि खनिजं असतात. ती धार खातात. सनबोर्डचे, म्हणजे सजावटीच्या फोमच्या पाट्यांचे, आठ-दहा ताव कापले की चांगल्यातल्या चांगल्या पोलादाची धार उतरते. मग रात्री घरी जाऊन अर्धा तास घासत बसणार का? फ्लेक्सवरचा गोंद, चिकटपट्टीचा राळ, प्लास्टरची भुकटी, या सगळ्यासाठी फेकता येणारं पातं हवं. तुमच्याकडे हजारोंचा सुंदर चाकू असला तर तुम्ही तो या कामाला वापरणारच नाही, आणि बरोबरच आहे.

दुकानात मूठ हातात घेतल्यावर काय बघू?

आधी पातं बसवून बघा. रिकामी मूठ बघून काहीच कळत नाही. दुकानदार पातं लावू देत नसेल तर पुढचं दुकान.

पातं उघडून खटका बसवा आणि त्याचं टोक चिमटीत धरून नाही, तर लाकडाच्या फळीवर टेकवून, हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे करा. किंचित प्ले, म्हणजे ढिलेपणा, चालतो, तो बहुतेक मुठींत असतोच. पण पातं टकटक वाजत असेल तर तो आवाज तुमच्या सरळ रेषेचा शत्रू आहे. मग पात्याची पाठ फळीवर टेकवून मिटायच्या दिशेने हळूहळू जोर द्या, बोटं वाटेत न ठेवता. खटका सरकला तर तिथेच खाली ठेवा. ही परीक्षा मी शिकलो ती स्वस्तातला एक चाकू तिच्यात नापास होऊन माझ्या तर्जनीवर मिटल्यानंतर. तीन टाके. कंपनीचं नाव मुठीवर होतं, पण आता आठवून काय करू?

पुढे वजन. १०० ते १५० ग्रॅमच्या आसपास असलं की सुती पँटीचा खिसा लोंबत नाही. त्याहून जड मुठी कमरेच्या पट्ट्यावर बऱ्या. क्लिप घट्ट असावी, पण कापड फाडणारी नको. मुठीच्या पोटात जादा पाती ठेवायची जागा असेल तर ती मोठी सोय. शिडीवरून खाली उतरावं लागत नाही.

वायर सोलायची खाच, बाटली उघडायचा आकडा, स्क्रूड्रायव्हर या गोष्टींना मी शून्य गुण देतो. वायर सोलायच्या खाचेचा तेवढा अपवाद, तोही तुम्ही इलेक्ट्रिशियन असाल तर.

लॉक कुठलं चांगलं?

यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. एक-दीड इंच पात्याच्या चाकूत फरक दिसतो तो मुख्यतः मिटताना.

लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ धातूची पट्टी स्प्रिंगसारखी सरकून पात्याच्या बुडाशी उभी राहते. मिटताना अंगठ्याने ती पट्टी बाजूला करावी लागते आणि त्या क्षणी अंगठा पात्याच्या वाटेत असतो. सवय झाली की काही वाटत नाही, पण घामेजलेल्या हाताला ती क्षणभराची चूक पुरते. बॅक लॉकमध्ये खटका मुठीच्या पाठीवर असतो, तो दाबायचा. बोटं धारेपासून दूर राहतात, पण एका हाताने मिटणं अवघड. बटण लॉकमध्ये बाजूचं बटण दाबून पातं सैल होतं. मला हेच आवडतं. फक्त बटणात प्लास्टरची धूळ गेली की ते अडकतं. ब्रशने झाडून घ्यायचं.

बिनलॉकचे, नुसत्या स्प्रिंगवर उघडे राहणारे चाकू पेन्सिल तासायला ठीक. टोक टेकवून जोर द्यायच्या कामाला नकोत.

पातं स्क्रूने बसणारं घ्यावं की बटणाने सुटणारं?

बटणाचं पटकन बदलतं, स्क्रूचं घट्ट बसतं. दिवसाला तीन पाती बदलणाऱ्याने बटणाचं घ्यावं. आठवड्याला एक बदलणाऱ्याने स्क्रूचं. स्क्रू मात्र साध्या चपट्या पेचकसाने किंवा नाण्याने फिरणारा असावा. विचित्र सहा पाकळ्यांचं डोकं असलेला स्क्रू म्हणजे ऐन गणपतीच्या आदल्या रात्री रडायची सोय.

मी डावखुरी आहे. काय करू?

लायनर लॉक टाळा, तो उजव्या अंगठ्यासाठी कापलेला असतो. बॅक लॉक दोन्ही हातांना सारखा. क्लिप काढून दुसऱ्या बाजूला लावता येते का, तेही बघा.

साधं पोलाद, स्टेनलेस, सोनेरी, बायमेटल... यात काय घेऊ?

साधं कार्बन पोलाद. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात धारदार, सगळ्यात लवकर गंजणारं.

सोनेरी पात्यावर टायटॅनियम नायट्राइडचा पातळ थर असतो. पृष्ठभाग कडक होतो, खरं आहे, पण धार उतरायची ती उतरतेच. बायमेटल हा मात्र कामाचा प्रकार. पाठ लवचीक स्प्रिंग-पोलादाची आणि धारेची पट्टी हाय-स्पीड पोलादाची, दोन्ही वेल्डिंगने जोडलेली. वाकलं तरी तुटत नाही. कार्पेट, रबर, जाड गोणपाट कापत असाल तर जादा पैसे वसूल होतात. नुसत्या पुठ्ठ्यासाठी नाही.

एक आकडी पातंही येतं, पोपटाच्या चोचीसारखं. त्याची धार आतल्या बाजूला असते. पार्सलची प्लास्टिक पट्टी किंवा अंथरलेला गालिचा खालच्या वस्तूला न ओरखडता ते ओढून कापतं. अशी दोन पाती खिशात असू द्या.

पावसाळ्यात पाती गंजतात. उपाय?

कोकणात आणि मुंबईत हा प्रश्न जूनपासून सुरू होतो, ऑक्टोबरपर्यंत सुटत नाही. पाती ज्या तेलकट कागदात येतात तो फेकू नका, त्यातच परत गुंडाळून ठेवा. मुठीत बसवलेल्या पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि बिजागरीच्या खिळीलाही एक. खोबरेल लावू नका. थंडीत थिजतं, पुढे चिकट होतं आणि त्यावर भुकटी बसून चाकू उघडेनासा होतो. घामेजलेल्या हाताने वापरल्यावर पुसून ठेवा. मिठाचा गंज एका रात्रीत येतो.

थोडा तांबूस डाग आला म्हणून पातं लगेच फेकायची गरज नाही. पण तेच पातं पांढऱ्या मखरावर चालवलंत तर पहिल्या इंचावर तपकिरी रेघ उमटेल. माझ्या हातून उमटलेली आहे, आणि यजमानांनी आरतीच्या वेळी ती मला दाखवलीही.

पातं कधी बदलायचं?

हात जोर लावू लागला की. तुमच्या डोक्याला कळायच्या आधी खांद्याला कळतं. कागदाची कड फाटल्यासारखी, केसाळ दिसू लागली, की टोक फिरवा. लोक कंजुषी करतात ती इथे, आणि अपघातही इथेच होतात. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, जोर दिला की ते अचानक सुटतं आणि सुटलेला हात कुठे थांबेल ते आपल्या हातात नसतं. एका पात्याची किंमत दोन कटिंग चहाच्या आसपास. टाक्यांचा हिशेब वेगळा.

बोथट पात्याला पुन्हा धार लावली तर चालेल?

अडल्यानडल्या वेळी चिनी मातीचा कप उलटा करा. त्याच्या बुडाची खरखरीत कडा, जिथे चकाकी नसते, तिथे पातं दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा हलकेच ओढा. तासाभराचं काम निभतं. सायकलवरच्या धारवाल्याकडे मात्र देऊ नका. त्याच्या चाकावर एवढं पातळ पोलाद तापून निळं पडतं आणि मऊ होतं.

सरळ कापताना हात घसरतो.

प्लास्टिकची पट्टी फेकून द्या, पातं तिच्यावर चढतं. स्टीलची जाड पट्टी घ्या. तिला धरलेल्या हाताचा अंगठा काठाच्या बाहेर डोकावतोय का, हे दर वेळी बघा. एका दमात आरपार कापू नका. पहिला हात फक्त वाट पाडायला, दुसरा-तिसरा कापायला. आणि आपला गुडघा, आपलं पोट, समोर पुठ्ठा धरून उभा असलेला पोरगा, यांच्यापैकी कुणीही पात्याच्या वाटेत नको.

जुनी पाती टाकायची कुठे?

कचऱ्याच्या पिशवीत मोकळी टाकू नका. तुमचा कचरा कुणीतरी हाताने वेगळा करतं. पुण्यात ते काम 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई दारोदार जाऊन करतात. प्लास्टिकच्या पिशवीतून आलेलं पातं हातमोज्यातूनही जातं.

झाकण घट्ट बसणारा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला फट पाडा आणि पाती आत टाकत जा. माझा डबा बिस्किटांचा आहे आणि भरायला दीड वर्ष लागतं. भरला की फटीवर चिकटपट्टी लावायची, वर मोठ्या अक्षरात 'ब्लेड' लिहायचं आणि भंगारवाल्याला सांगून द्यायचा. तो लोखंड म्हणून घेतो. मोडायच्या पात्यांचे तुकडे पकडीने, धार खाली ठेवून मोडा, डोळ्यांपासून लांब, आणि तेही डब्यात.

असा चाकू खिशात ठेवणं कायदेशीर आहे का?

मी वकील नाही, पण एवढं तुम्हाला माहीत हवं.

केंद्राच्या २०१६ च्या शस्त्र नियमांतल्या यादीत तलवारी, खंजीर, भाले यांच्यासोबत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. आपलं इंचभर पातं त्या मापाच्या आसपासही नाही आणि आहे ते औजार.

पण गोष्ट इथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. 'जिल्ह्यात ३७ (१) (३) लागू' अशी बातमी तुम्ही सण-निवडणुकांच्या तोंडावर वाचलीच असेल. असे आदेश एका वेळी साधारण १५ दिवसांचे असतात आणि त्यात काठ्या, चाकू, दगड, सगळं येतं. पात्याची लांबी तिथे मोजली जात नाही. आमच्या धंद्याची गंमत अशी, की जेव्हा चाकू सगळ्यात जास्त लागतो तेव्हाच, म्हणजे गणपतीच्या दिवसांत, हा आदेश हमखास असतो.

मी काय करतो? आदेश लागू असताना चाकू खिशात ठेवत नाही. औजारांच्या पेटीत, पट्टी-पक्कड-टेपसोबत, पातं काढून. कामाच्या ठिकाणी पोचल्यावर लावतो. रात्री नाकाबंदीत पेटी उघडायला सांगितली तर शांतपणे उघडतो आणि काय काम करतो ते सांगतो. कोयते नाचवणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या रोज येत असताना पोलिसाला शंका येणं स्वाभाविक आहे. त्याच्याशी पात्याच्या मापावरून वाद घालू नका. क्लिप बाहेर दिसेल असा चाकू लावून गर्दीत फिरणं तर एरवीही बरं दिसत नाही.

विमानात, मेट्रोत?

विमानात केबिनच्या सामानात नाही म्हणजे नाही, सुटी पातीही नाहीत. चेक-इन बॅगेत, गुंडाळून. हे विसरायला फार सोपं असतं, कारण खिशातली वस्तू आपल्याला दिसेनाशी होते. विमानतळावर निघायच्या आदल्या रात्री खिसे रिकामे करा.

मेट्रो, मॉल, नाट्यगृहाचं प्रेक्षागृह, कोर्ट, जिथे जिथे स्कॅनर आहे तिथे चाकू काढून घेतला जाईल आणि परत मिळेलच असं नाही. मी दोन गमावलेत.

मुलगी लंडनला असते, तिला भेट पाठवू का?

नको. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंतच्या घडीच्या चाकूला सूट आहे, पण पातं लॉक होत असेल तर ही सूट लागू होत नाही, असं तिथल्या कोर्टाने ठरवलंय. म्हणजे आपला इंचभर पात्याचा, लॉकवाला, अतिशय निरुपद्रवी चाकू सबळ कारणाशिवाय रस्त्यावर खिशात सापडला तर गुन्हा. कारण म्हणजे 'आत्ता कामावर जातोय' असं काहीतरी. 'असू दे म्हणून ठेवलाय' हे चालत नाही. जर्मनीतही एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू तसाच बाळगायला मनाई आहे. नातेवाइकांना अडकित्ता पाठवा, शोभेला तरी राहील.

रात्री एकटं येताना स्वसंरक्षणासाठी उपयोगी पडेल?

नाही. इंचभर पातं कुणाला थांबवत नाही, झटापटीत ते बहुधा तुमच्याच हाताला लागतं, आणि औजार म्हणून बाळगलेली वस्तू त्या क्षणी कायद्याच्या डोळ्यात शस्त्र होते. ११२ नंबर लक्षात ठेवा. या हेतूने चाकू हवा असेल तर माझ्याकडून सल्ला घेऊ नका.

फळं कापता येतील का?

नव्या पात्यावर गंज न येण्यासाठी तेल लावलेलं असतं, जुन्यावर गोंद आणि भुकटी. दोन्ही पोटात कशाला? शिवाय कार्बन पोलादाने कैरी कापली की पातं काळं पडतं आणि कैरीला लोखंडाची चव येते. डब्यात वेगळी छोटी स्टेनलेसची सुरी ठेवा.

ऑनलाइन दिसतात ते लांब, बदलत्या पात्यांचे अमेरिकन चाकू कसे आहेत?

हॅवलॉनचे, आउटडोअर एजचे म्हणताय ना. ते हरणाची शिकार करून कातडं सोलणाऱ्यांसाठी बनवलेले. कातडं सोलताना धार पटकन जाते आणि रानात धार लावत बसायला नको, म्हणून बदलती पाती. त्यांच्या जागी ते उत्तम. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद. पुठ्ठ्यावर त्या लांब पातळ पात्यांचा उपयोग नाही आणि बदली पाती सात समुद्रांपलीकडून मागवायची. सुरुवातीला सांगितलेलं माझं मत आठवा.

मग ब्रँड सांगाच.

स्टॅनलेच्या घडीच्या मुठी आपल्याकडे सहज मिळतात आणि कामाला चोख आहेत. मिलवॉकीचा फास्टबॅक एका हाताने छान उघडतो, बटण लॉकचा आहे, पण अंगाने दणकट. गर्बरचा ईएबी अगदी छोटा, नोटांच्या क्लिपएवढा, पातं स्क्रूने बसतं, ऑफिसात पार्सलं उघडणाऱ्याला पुरेसा. बिननावाच्या मुठींतही चांगल्या निघतात. वर सांगितलेली फळीवरची परीक्षा घ्या, नाव वाचू नका. आणि मूठ स्वस्तातली घेतलीत तरी पाती नामवंत कंपनीची घ्या. उलटं करू नका.

बोट कापलंच तर?

स्वच्छ फडक्याने जोरात दाबा, हात छातीच्या वर धरा आणि दहा मिनिटं उघडून बघू नका. हळद, कॉफी, टूथपेस्ट यांपैकी काहीही भरू नका, डॉक्टरला ते खरवडून काढावं लागतं. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा शेंडा बधिर झाला असेल तर लगेच दवाखाना, कारण आतली शीर किंवा स्नायूची दोरी कापली गेलेली असू शकते. नव्या पात्याची जखम बाहेरून छोटी आणि आतून खोल असते. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, तेही डॉक्टरांना सांगा.

तुमच्या खिशात सध्या काय आहे?

बटण लॉकची, काळा रंग उडालेली अकरा वर्षं जुनी मूठ. पोटात तीन साधी पाती, एक आकडी. परवा दादरच्या एका मंडपात क्लिपचा बारीक स्क्रू पडला आणि कारपेटखाली गेला, त्यामुळे क्लिप तात्पुरती लाल इन्सुलेशन टेपने बांधली आहे. तो नवीन स्क्रू कुठे मिळेल हे कुणाला ठाऊक असेल तर कळवा. बोहरी आळीत दोनदा विचारून झालंय.